ट्रिप की ट्रेनिंग?

इंटर्नशिप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात आयकार्ड, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात सेफ्टी शूज आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही. रायगडच्या किनाऱ्यावर शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना तर लांब जायचीही गरज नाही. थळ, डोलवी, नागोठणे, तळोजा... ज्याच्या काकांची जिथे ओळख, तिथे त्याची इंटर्नशिप! सहा आठवडे प्लांट बघायचा, सर्टिफिकेट घ्यायचं, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग करून टाकायचं. झालं!

मी येत्या जूनमध्ये सहा आठवडे सिंधुदुर्गातल्या आंबोलीला चाललेय. बेडकांचे आवाज रेकॉर्ड करायला.

हे सांगितल्यापासून हॉस्टेलमध्ये माझी जी काही करमणूक चालली आहे, ती विचारू नका. "बेडूक ऐकायला आंबोलीला कशाला? पावसाळ्यात आपल्या मेसच्या मागे ये की, फुकटात ऐकवतो!" इथपासून ते "एन्जॉय कर गं ट्रिप!" इथपर्यंत सगळं ऐकून झालं. घरी आईचा पहिला प्रश्न होता, "जंगलात? तेही पावसाळ्यात?" आणि बाबांचा, "याचा प्लेसमेंटला उपयोग काय?" विभागात ही इंटर्नशिप धरायची की नाही, ते अजून ठरायचंय. कारण साधं आहे. फॉर्मवर 'कंपनीचे नाव' असा रकाना आहे आणि जंगल ही काही कंपनी नाही. धरली नाही तर डिसेंबरच्या सुट्टीत दुसरी इंटर्नशिप करावी लागणार.

हा प्रश्न माझ्या एकटीचा असता तर मासिकाची पानं अडवली नसती. पण आपल्याकडे दरवर्षी दोन-चार जण तरी असे निघतात ज्यांना वन्यजीव, समुद्र, शेती अशा ठिकाणी जाऊन काम करायचं असतं, आणि त्यांना "आधी खरी इंटर्नशिप करा" असं सांगितलं जातं. माझं म्हणणं असं की ही इंटर्नशिप खरी आहे. इंजिनीयरला लागणारी एक गोष्ट ती जितकी चांगली शिकवते, तितकी प्लांटची फेरी शिकवत नाही. ती गोष्ट कोणती, ते सांगते.

आधी कामाबद्दल. ज्याला इंग्रजी पुस्तकात क्लाउड फॉरेस्ट म्हणतात, म्हणजे वर्षभर ढगात बुडालेलं डोंगरमाथ्यावरचं रान, ते खरं म्हणजे दक्षिणेत निलगिरी-अनमलईच्या शोला जंगलांत भेटतं. पण पावसाळ्याचे चार महिने आंबोलीचा घाट त्याच्या अगदी जवळ जातो. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंची आणि वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस. म्हणजे आपल्या अलिबागला पडतो त्याच्या जवळजवळ तिप्पट! आपल्या समुद्रावरून निघालेलं बाष्प सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतं, वर चढतं, थंड होतं आणि तिथेच अडकून बसतं. पाऊस थांबला तरी झाडं ठिबकत राहतात, कारण पानं आणि शेवाळ धुक्यातूनच पाणी गाळून घेतात.

अशा ओल्या जागी बेडूक नाही राहणार तर कोण? आंबोलीचा टोड विज्ञानाला नवी जात म्हणून माहीत झाला तो थेट 2009 साली. आंबोली परिसराबाहेर त्याची जवळजवळ कुठेच नोंद नाही. पावसाच्या सुरुवातीला खडकांवरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. ऊन पडून डबकं आटलं की पुढची पिढी गेली! तिथले काही झुडपी बेडूक तर पाण्यात अंडी घालतच नाहीत. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो, मधे शेपटीवालं पिल्लू नाहीच. त्यासाठी हवा सतत ओली हवी. बेडकाची कातडी पातळ, तिच्यातून पाणी आणि हवा दोन्ही आत-बाहेर होतात. त्यामुळे पाऊस लांबला, हवा तापली, औषध फवारलं, की त्याचा परिणाम बेडकावर आधी दिसतो. आणि 2020 साली त्याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी माशाची एक नवी जात सापडली. ती जागा 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. म्हणजे पर्यटकांच्या गाड्या जिथे भजी खायला थांबतात, तिथे अजून सगळे प्राणी मोजूनही झालेले नाहीत.

आता यात ई अँड टीसीवालीचं काय काम? भरपूर आहे! बेडूक रात्री, पावसात, पानाआड बसून ओरडतो. दिसणं मुश्कील, पण प्रत्येक जातीच्या नराची हाक वेगळी. म्हणून झाडाला छोटे रेकॉर्डर बांधायचे आणि पहाटे काढायचे. 'ऑडिओमॉथ' नावाचा असा एक रेकॉर्डर आहे. तो इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बनवला. तळहातावर मावतो, तीन पेन्सिल सेलवर चालतो आणि त्याचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं आहे.

हिशोब करून बघा. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, एक चॅनल. तासाला साधारण 345 एमबी. बारा तासांची रात्र म्हणजे 4 जीबीच्या वर. दहा रेकॉर्डर, तीस रात्री... सव्वा टेराबाइट! एवढं कोण ऐकणार? मग ठरावीक वेळीच रेकॉर्ड करायचं, पण कोणत्या वेळी? पावसाचा आवाज फिल्टर करायचा, पण त्याच फ्रीक्वेन्सीत बेडूक असेल तर? वटवाघूळ 50 किलोहर्ट्झवर ओरडतं, म्हणजे सॅम्पलिंग 100 च्या वर न्यायला हवं, आणि मग सेल किती रात्री टिकणार? डबीत धुकं शिरून दव धरलं तर? सिलिका जेल कितीदा बदलायचं? सिग्नल प्रोसेसिंगचा अख्खा सिलॅबस त्या एका डबीत आहे. फरक इतकाच की इथे 'खालीलपैकी कोणतेही तीन सोडवा' असं नसतं.

पण हे सगळं कंपनीतही शिकता येईल, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून आता मुद्द्याची गोष्ट.

आपल्या लॅबमध्ये उत्तर आधीपासून माहीत असतं. ग्राफ सरळ यायला हवा हे आपल्याला माहीत, सरांना माहीत, लॅब असिस्टंटना तर आपल्याआधी माहीत. सीनियरचं जर्नल पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या वारशासारखं खाली येतं. रीडिंग वाकडं आलं तर आपण मशीनला, वायरला, व्होल्टेजला दोष देतो आणि बिंदू जिथे 'असायला हवा' तिथे टिंब पडतं. कुणाला नावं ठेवायची नाहीत, पद्धतच तशी आहे. पण चार वर्षं असं शिकलेला माणूस नोकरीत पहिल्यांदा खरं वाकडं रीडिंग बघतो, तेव्हा काय करेल?

गेल्या बुद्धपौर्णिमेला मी फणसाड अभयारण्यातल्या पाणवठ्यावरच्या गणनेला गेले होते. फणसाड आपल्या शेजारचंच. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. तिथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. चिखलगाण, धरणाची गाण अशी त्यांची नावं आहेत. उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरतं, म्हणून पौर्णिमेच्या उजेडात मचाणावर बसायचं आणि पाण्यावर कोण येतं ते लिहायचं. माझ्याबरोबर मचाणावर गावातले एक वाटाडे मामा होते. हातात छापील तक्ता. वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी.

संध्याकाळी रानडुकरं आली, मग एक सांबर. त्यानंतर रात्रभर काहीच नाही. एक वाजला, दोन वाजले, तक्ता कोरा. मी सरळ पुढच्या पानावर जात होते. मामांनी विडी विझवली आणि म्हणाले, "पोरी, कायपन नाय आलं तं नाय आलं, असं लिव. कोरं नको ठेवू. कोरं ठेवलंस तं लोकं म्हनतील झोपली व्हती."

'शून्य' आणि 'कोरं' यांतला फरक मला इतक्या सोप्या शब्दांत कुठल्याच लेक्चरमध्ये कुणी सांगितलेला नाही. शून्य म्हणजे मी जागी होते, बघत होते आणि काही आलं नाही. तीही माहितीच. कोरं म्हणजे माहितीच नाही. डेटा सायन्सचे कोर्स घेणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावं!

असल्या बारीकसारीक गोष्टींनी काय फरक पडतो? वाघांचंच उदाहरण घ्या. आपल्या देशात बरीच वर्षं पावलांच्या ठशांवरून वाघ मोजायचे. 2001-02 ची मोजणी सांगत होती 3,642 वाघ. आणि 2005 च्या सुमाराला राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही हे उघड झालं! मग पद्धतच बदलली. कॅमेरा ट्रॅप लावायचे, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायचा आणि संख्याशास्त्राने अंदाज काढायचा. 2006 च्या मोजणीत आकडा आला 1,411. दोन हजारांवर वाघ चार वर्षांत गेले का? तसं म्हणता येत नाही, कारण मोजण्याची पद्धतच वेगळी, दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. पण जुन्या आकड्यावर विसंबून देश निवांत बसला होता, हे तर खरं. 2018 च्या मोजणीत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले. सुमारे 3 कोटी 48 लाख फोटो आले आणि त्यांत वाघाचे होते 76,651. साधारण साडेचारशे फोटोंमागे एक वाघ! बाकीचे फोटो म्हणजे हलणारं गवत, गाई, हरणं, माणसं. ते चाळायला सॉफ्टवेअर लागलं आणि सॉफ्टवेअर लिहायला इंजिनीयर. पण कॅमेरा कुठल्या वाटेवर, किती उंचीवर लावायचा, हे पायी फिरणाऱ्या माणसांनीच ठरवलं.

आणि नुसतं बघण्याने काय सापडतं, त्याचं उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातच आहे. अलिबागजवळचं किहीम. आपण तिथे वीकेंडला जातो, शहाळं पितो आणि परत येतो. सलीम अली 1930 मध्ये जर्मनीहून पक्षीशास्त्र शिकून मुंबईला परतले, तेव्हा म्युझियममधली त्यांची नोकरी पैशांअभावी गेलेली होती. हातात विद्यापीठाची डिग्री नाही. मुंबईत राहणं परवडेना म्हणून ते किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसरा उद्योग नव्हता, म्हणून रोज बसून त्यांनी ती बघितली. टिपणं काढली. त्यातून निघालं काय? घरटं विणतो तो नर. अर्धवट विणून झालं की माद्या येऊन तपासतात. एखादीने पसंत केलं की ती आत राहते, हा बोगदा पूर्ण करतो आणि लगेच पुढचं घरटं दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो! 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये हे छापून आलं.

गंमत बघा. आपल्या भाषेत ती 'सुगरण'. शाळेत सगळ्यांनी तिच्या संसाराचं कौतुक वाचलेलं. घरटं झाडाला टांगलेलं, सगळ्यांना दिसणारं. तरीही विणणारा कोण, हे नीट कळायला एका बेकार माणसाला महिनोन्‌महिने बसावं लागलं. मी कॉन्व्हेंटची, मला 'बाया वीव्हर' आधी माहीत आणि 'सुगरण' नंतर. 'मलबार जायंट स्क्विरल' पाठ होतं, पण फणसाडला मामांनी वर बोट दाखवून "शेकरू" म्हटलं, तेव्हा नाव आणि जनावर पहिल्यांदा एकत्र बघितलं. आपल्या राज्याचा प्राणी आहे तो! नावं दोन्ही भाषांत यायला हवीत, कारण अर्धी माहिती पुस्तकांत आहे आणि अर्धी मामांकडे.

आता आक्षेपांकडे. ते सगळेच टाकाऊ नाहीत.

पहिला, "ही मजा आहे." काही ठिकाणी खरंच आहे. पैसे भरा, टी-शर्ट घ्या, हत्तीबरोबर फोटो काढा आणि सर्टिफिकेट मिळवा असल्या 'इंटर्नशिप' निघाल्यात. फी भरून मिळणाऱ्या गोष्टीला शिक्षण म्हणायचं की पर्यटन, हे विभागाने जरूर तपासावं. जी फक्त पैसेवाल्यांच्या मुलांना परवडते, ती तर कॉलेजने मुळीच धरू नये. माझ्या इंटर्नशिपमध्ये राहणं-जेवण मिळतं, फी नाही आणि स्टायपेंडही नाही. एसटीचं भाडं आणि गमबूट माझे. तेवढंही प्रत्येकाला जमेल असं नाही, हे मला दिसतंय.

दुसरा, "तुम्ही गेल्याने जंगलाचाच त्रास वाढतो." हा मला सगळ्यांत गंभीर वाटतो. रात्री टॉर्च मारणं, फोटोसाठी दगड उलटणं, बेडूक हातात घेणं, सगळं होतं. अंडी असलेल्या डबक्यात एक बूट पडला तरी खेळ संपला. म्हणूनच रेकॉर्डर बरा. तो एकदा लावला की रात्रभर कुणी फिरायला नको. ज्याला गप्प बसता येत नाही, त्याने जाऊ नये, मग मार्क कितीही असोत.

तिसरा, मुलींची सुरक्षितता. आईला मी सगळा पत्ता, बरोबरच्या मुलींची नावं, बेस कॅम्पची व्यवस्था लिहून दिली आहे. पण एक सांगते. प्लांटच्या इंटर्नशिपला मुलगी रात्रीच्या एसटीने एकटी परतते, तेव्हा हा प्रश्न इतक्या जोरात कुणी विचारत नाही. विचारायचा तर दोन्हीकडे विचारा.

चौथा, बाबांचा, प्लेसमेंट. याला माझ्याकडे गॅरंटी नाही. पण इंटरव्ह्यूमध्ये "तुम्ही काय केलंत?" असं विचारल्यावर "प्लांट पाहिला" म्हणण्यापेक्षा "दहा रेकॉर्डर पावसात सहा आठवडे चालू ठेवले, त्यातले इतके बंद पडले आणि या कारणाने पडले" हे सांगता येणं मला जास्त भक्कम वाटतं.

म्हणून विभागाला माझी विनंती आहे की सरसकट 'हो' म्हणू नका, अटी घाला. रोजची वही सक्तीची असावी, आणि तिच्यात बंद पडलेलं यंत्र आणि शून्य नोंदी लिहिलेल्या असाव्यात. फी घेणारी संस्था बाद. विद्यार्थ्याने तिथे काहीतरी चालू अवस्थेत मागे ठेवावं, एखादी दुरुस्त डबी, एखादा प्रोग्राम, नीट लावलेला डेटा. आणि मूल्यमापनात कॉलेजच्या गाइडबरोबर तिथल्या स्थानिक माणसाचंही मत घ्यावं. वाटाड्या मामांनी मार्क दिलेले मला चालतील. ते कडक देतील याची खात्री आहे!

सगळ्यांनी आंबोलीलाच जायला हवं असंही नाही. दिवेआगर, हरिहरेश्वर आणि बाणकोट खाडीपलीकडच्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावातले कासवमित्र ती अंडी कुंपणात आणून जपतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त, आणि एक-दोन अंशांनी चित्र बदलतं. दिवसरात्र तापमान नोंदवणारा, खाऱ्या हवेत न गंजणारा, गावातल्या माणसाला मोबाइलवर वाचता येणारा स्वस्त सेन्सर, हा आपल्या फायनल इयरचा प्रोजेक्ट का नसावा? जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावरून 'प्रथमा' नावाच्या कासविणीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवून तिला समुद्रात सोडलं होतं. तो ट्रान्समीटर पाण्याखाली गप्प असतो आणि ती श्वास घ्यायला वर आली की तेवढ्यात सिग्नल पाठवतो. अँटेना आणि कम्युनिकेशनचा पेपर आपल्याला का रुक्ष वाटतो, हे मला त्या दिवशी कळेनासं झालं.

सबमिशन आटोपून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी निघेन. इंटर्नशिप धरली गेली तर आनंद, नाही तर डिसेंबरमध्ये हेल्मेट घालून कुठल्यातरी गेटवर उभी राहीन, त्यालाही ना नाही. पण माझ्या मागून येणाऱ्यांसाठी त्या फॉर्मवर 'कंपनीचे नाव' याच्या शेजारी 'किंवा कामाचे ठिकाण' एवढे तीन शब्द वाढवा. छपाईचा खर्च फार येणार नाही.